कॉफीच्या उंचीवरचा सरडा

फेब्रुवारी १८१५ मध्ये इंग्रज फौज कँडी शहरात शिरली, तेव्हा राजवाडा रिकामा होता. कँडीचा शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह शहर सोडून पूर्वेच्या दुंबर मुलखात निघून गेला होता. त्याच्या आधीच्या राजांनीही हेच केले होते. पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज एकदा १८०३ मध्ये येऊन गेले. दरवेळी राजधानी शत्रूच्या हाती पडली आणि राज्य मात्र डोंगरात जिवंत राहिले. उभे कडे, सतत उतरणारे धुके, जळवांनी भरलेल्या पायवाटा आणि तापाची साथ यांच्यापुढे परकी पलटणी टिकत नसत. १८१५ मध्ये मात्र दरबारातलेच सरदार फुटले होते. काही दिवसांत मेदमहनुवराजवळ राजा पकडला गेला आणि पुढे त्याची रवानगी वेल्लोरच्या किल्ल्यात झाली. सिलोन बेटावरचे शेवटचे स्वतंत्र राज्य संपले.

ज्या डोंगरांनी त्याला तेवढे दिवस आसरा दिला, त्यांना इंग्रजांनी ‘नकल्स’ हे नाव दिले, कारण दुरून त्यांची शिखरे आवळलेल्या मुठीच्या सांध्यांसारखी दिसतात. कँडी आणि मातले या दोन जिल्ह्यांत पसरलेली ही रांग श्रीलंकेच्या मधल्या पठारापासून महावेलीच्या खोऱ्याने तुटलेली आहे. गोंबानिया हे तिचे सर्वांत उंच शिखर १९०० मीटरच्या थोडे वर जाते. दोन्ही मोसमी वारे या रांगेवर अडतात, त्यामुळे वर्षाचा मोठा काळ जंगल ओले राहते. झाडांच्या खोडांवर शेवाळ आणि आमरी, खाली नेच्यांची आणि नेलूची दाटी. नेलू ही आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्याच कुळातली झुडुपे. कारवीसारखीच तीही वर्षानुवर्षे नुसती वाढतात आणि मग एका हंगामात सगळी मिळून फुलतात.

या तळथरात एक सरडा राहतो. नाकाच्या टोकावर त्याला चपटे, मांसल, खवल्यांनी मढलेले पान असते, आणि ते नरालाही असते, मादीलाही. शेपटी धरून लांबी वीतभर. रंग हिरवट, कधी तांबूस तपकिरी. स्वभावाने तो अत्यंत संथ आहे. कुंपणावरचा आपला सरडा चाहूल लागताच सरसर पळतो. हा फांदीला चिकटून निश्चल बसतो आणि शेवाळलेल्या सालीत मिसळून जातो. शत्रूपासून बचावाचा त्याचा सगळा भरवसा या मिसळून जाण्यावर आहे. म्हणून त्याला सावली हवी, ओल हवी, खालची झाडी दाट हवी. सिंहली भाषेत सरड्याला कटुस्सा म्हणतात आणि हा ‘पेति अं कटुस्सा’, पानाच्या शिंगाचा. शास्त्रीय नाव सेराटोफोरा टेनेन्टाय. नकल्स रांग सोडली तर जगात तो कुठेही नाही, आणि या रांगेतही मुख्यतः साडेसातशे ते साडेबाराशे मीटरच्या पट्ट्यात.

त्या काळच्या मोजमापात हा पट्टा अडीच हजार ते चार हजार फुटांचा होतो. सिलोनच्या एकोणिसाव्या शतकाचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला हे आकडे ओळखीचे वाटतील. कॉफी सर्वांत चांगली याच उंचीवर येत असे.

रस्ता आला

कँडी जिंकले तरी डोंगर ताब्यात आले नव्हते. १८१७-१८ मध्ये उवा प्रांतात मोठा उठाव झाला आणि तो इंग्रजांनी गावे आणि पिके जाळून मोडला. डोंगरी मुलूख हाती ठेवायचा तर तोफा आणि पलटणी वेगाने पोहोचल्या पाहिजेत, हा धडा त्यांनी घेतला. गव्हर्नर एडवर्ड बार्न्स यांच्या कारकिर्दीत कोलंबो ते कँडी रस्ता झाला. तो झाला लष्करासाठी, पण ज्या वाटेने तोफ वर जाते त्या वाटेने पोते खाली येते. १८२३-२४ च्या सुमारास जॉर्ज बर्ड यांनी गंपोळाजवळ सिंहपिटियाला कॉफीचा मळा घातला. बार्न्स यांनी स्वतः गन्नोरुवाला घातला. कॉफीची झुडुपे बेटावर आधीपासून होती. सिंहली गावकरी ती घराभोवती, फणसाच्या सावलीत वाढवत. डचांनी सखल किनाऱ्यावर लागवड करून पाहिली होती, ती फसली होती. डोंगरउतारावर सलग मळे घालण्याची कल्पना मात्र नवी होती.

तिला बळ मिळाले ते हजारो मैल दूर घडलेल्या घटनांमुळे. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि वेस्ट इंडीजमधले कॉफीचे उत्पादन ढासळले. पाठोपाठ ब्रिटनने पूर्वेकडच्या कॉफीवरचे जकातीचे दर वेस्ट इंडीजच्या दराला आणून ठेवले. लंडनच्या बाजारात जागा मोकळी झाली होती आणि सिलोनमध्ये डोंगर होते. १८३७ मध्ये रॉबर्ट बॉइड टायटलर नावाचा तरुण जमैकात कॉफीचे शिक्षण घेऊन सिलोनला आला आणि पल्लेकेलेच्या मळ्यात त्याने वेस्ट इंडीजची पद्धत रुजवली. पल्लेकेले दुंबरच्या खोऱ्यात आहे. नकल्सची शिखरे तिथून समोर दिसतात.

जमीन हवी होती, तर कायदा झाला. १८४० च्या बाराव्या वटहुकुमाने ठरवले की जंगल, पडीक आणि लागवडीखाली नसलेली सगळी जमीन सरकारची, जोवर कुणी मालकी कागदावर सिद्ध करत नाही. कँडीच्या खेड्यांत अशी जमीन गावाची असे. गुरे तिथे चरत, जळण तिथून येई, आणि काही वर्षांच्या फेऱ्याने तिथे ‘हेन’ म्हणजे फिरती शेती होई. राजाच्या राखीव रानांना पूर्वी कुणी हात लावत नसे आणि गावच्या रानाला गावची शिस्त होती. या सगळ्याचा कागद कुणाकडे असणार? सरकारने ती जमीन आपली म्हणून एकरी पाच शिलिंगांनी विकायला काढली. लष्करी अधिकारी, न्यायाधीश, मुलकी अंमलदार, पाद्री, सगळ्यांनी ती घेतली. दर एकरी वीस शिलिंग झाला तो १८४४ मध्ये.

जंगल पाडण्याची रीत

डोंगरउतारावरचे जंगल पाडण्याची एक ठरलेली रीत होती. तोडणारे पायथ्यापासून कामाला लागत. प्रत्येक झाडावर कुऱ्हाडीचे घाव घालायचे, पण झाड पाडायचे नाही. अर्धे कापून उभेच ठेवायचे. असे करत करत वर जायचे. सगळ्यात वरच्या रांगेतली मोठी झाडे तेवढी पूर्ण तोडायची. ती कोसळताना खालच्या अर्धवट कापलेल्या झाडांवर पडत, ती त्यांच्या खालच्यांवर, आणि काही क्षणांत अख्खा उतार गडगडत खाली येई. वेलींनी एकमेकांना बांधलेली झाडे एकमेकांना ओढून नेत. मग काही आठवडे लाकूड वाळू द्यायचे आणि कोरड्या वाऱ्याचा दिवस बघून आग लावायची. राख थंड झाली की दोरी धरून खुंट्या मारायच्या, खड्डे काढायचे, रोपे लावायची.

चपळ प्राणी आणि पक्षी आधीच्या आवाजानेच उठून जात असतील. संथ चालीच्या सरड्याला ती सवड नव्हती. झाड पडल्यावर जी झाडी जमिनीवर आडवी झाली, तिच्यातच तो असणार, आणि तिलाच पुढे आग लागत होती. त्या काळी कुणीही हे मोजले नाही, कारण मोजण्यासारखे तिथे काही आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते. तो सरडा अजून शास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आलेला नव्हता.

हे काम करायला सिंहली शेतकरी क्वचितच येई. त्याचे भाताचे शेत त्याला सुटत नव्हते, आणि ज्याने आपले रान घेतले त्याच्या मळ्यावर राबणे त्याला नको होते. मजूर आले तमिळ प्रदेशातून. रामेश्वरकडून समुद्र ओलांडून मन्नारच्या किनाऱ्यावर उतरायचे आणि तिथून कोरड्या, पाणी नसलेल्या जंगलातून दक्षिणेला मातलेपर्यंत पायी चालायचे. पटकीने आणि उपासमारीने वाटेत माणसे मरत. किती मेली याचा नीट हिशोब कुणी ठेवला नाही. जे पोहोचत ते नकल्सच्या पायथ्याशी पोहोचत. आज मातले शहरात मारीअम्मनचे मोठे देऊळ आहे, ते या वाटेने आलेल्या माणसांच्या वस्तीची खूण आहे. कँडीच्या डोंगरांवर जे काही उभे राहिले ते त्यांच्या हातांनी, आणि जे काही पडले तेही हुकुमाने त्यांच्याच हातांनी.

१८४८

१८४५ मध्ये सर जेम्स एमर्सन टेनंट सिलोनचे कलोनियल सेक्रेटरी म्हणून आले. गव्हर्नरच्या खालोखाल हे पद. बेलफास्टमध्ये १८०४ साली जन्मलेला हा माणूस पार्लमेंटमध्ये बसलेला, लेखणी चांगली चालणारा आणि विलक्षण जिज्ञासू होता. बेटाचा इतिहास, जुने ग्रंथ, हत्ती, मासे, शिंपले, साप, सगळ्याची टिपणे तो करत असे. त्याच वेळी बेटाचा जमाखर्च जमवण्याचे कामही त्याचेच होते. आपल्या अहवालात त्याने शिफारस केली की निर्यातीवरचे कर काढावेत आणि जमिनीवर थेट कर बसवावा. निर्यातीवरचा कर हलका झाला की फायदा मळेवाल्याचा होणार आणि जमिनीवरचा कर शेतकऱ्याला भिडणार, हे उघड होते.

१८४७ मध्ये ब्रिटनमध्ये आर्थिक अरिष्ट आले. पेढ्या बुडाल्या, कॉफीचा भाव कोसळला, सिलोनमधले कितीतरी मळे मातीमोल किमतीला गेले. त्याच साली लॉर्ड टॉरिंग्टन गव्हर्नर म्हणून आले आणि तिजोरी भरण्यासाठी त्यांनी नवे कर लादले: बंदुकीवर कर, कुत्र्यावर कर, दुकानावर कर. शिवाय रस्त्यांसाठी वर्षातून सहा दिवस मजुरी, नाहीतर तिच्या बदल्यात पैसे. कँडीच्या खेड्यात बंदूक आणि कुत्रा ही चैन नव्हती. रानडुकरांपासून भात राखायचे तर दोन्ही लागत. जंगल तुटल्यावर जनावरे शेतात अधिक उतरत होती, तेव्हा तर जास्तच लागत.

जुलै १८४८ मध्ये मातले पेटले. दंबुल्लाच्या विहारात गोंगालेगोड बंडाला राजा म्हणून अभिषेक झाला आणि पुरन अप्पूच्या पुढारीपणाखाली लोक मातलेवर चालून गेले. सरकारी कचेऱ्या फोडल्या, करांचे कागद जाळले. इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला. ८ ऑगस्टला पुरन अप्पूला गोळ्या घातल्या. कुडापोल या बौद्ध भिक्षूला चीवर अंगावर असतानाच गोळ्या घातल्या. गोंगालेगोड बंडा सप्टेंबरमध्ये पकडला गेला आणि मलाक्काला हद्दपार झाला. पार्लमेंटमध्ये गदारोळ उठला, चौकशी समिती बसली, टॉरिंग्टन परत गेले आणि १८५० पर्यंत टेनंटचीही सिलोनमधली कारकीर्द संपली.

मातलेच्या उठावाचा इतिहास करांचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि ते बरोबरच आहे. पण कर हा वरचा घाव होता. खालची जखम रान गेल्याची होती. आठ वर्षांपूर्वीच्या वटहुकुमाने ज्यांचे जंगल सरकारजमा केले, तीच ही खेडी. सरड्याचा डोंगर आणि बंडखोरांचा डोंगर एकच होता, आणि दोघांच्या वाट्याला आलेले संकटही मुळात एकच होते: ज्या जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या कुणी विक्रीची वस्तू मानले नव्हते, ती विकली गेली होती.

ब्रिटिश म्युझियमच्या मेजावर

इंग्लंडला परतल्यावर टेनंटने सिलोनवर दोन खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १८५९ मध्ये आला आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यातला प्राण्यांविषयीचा भाग वाढवून त्याने १८६१ मध्ये बेटाच्या निसर्गेतिहासावर स्वतंत्र पुस्तक काढले. या कामात त्याला ब्रिटिश म्युझियमच्या दोघांची मदत होती. एक जॉन एडवर्ड ग्रे, तिथल्या प्राणिविभागाचे प्रमुख. दुसरे आल्बर्ट गुंथर, जर्मनीतून आलेले तिशीतले संशोधक, जे पुढे सरीसृप आणि मासे यांच्या अभ्यासातले त्या शतकातले एक मोठे नाव झाले.

नाकावर शिंग असलेला सिलोनचा सरडा ग्रे यांना नवा नव्हता. १८३५ च्या सुमारास त्यांनी सेराटोफोरा हे कूळ स्थापले होते, ते मध्य पठारावरच्या एका जातीसाठी. तिच्या नाकावर गेंड्यासारखे टोकदार शिंग असते. आता त्यांच्यापुढे आली ती वेगळी जात होती, शिंगाऐवजी पान असलेली. १८६१ च्या पुस्तकात गुंथर आणि ग्रे यांनी तिचे वर्णन दिले आणि ग्रंथकर्त्याच्या सन्मानार्थ तिला टेनंटचे नाव दिले. पुढे १८६४ मध्ये गुंथर यांनी सखल ओल्या जंगलातली तिसरी जात नोंदवली.

टेनंटला श्रेय द्यायलाच हवे. सिलोनच्या जीवसृष्टीकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या काही माणसांत तो होता, आणि त्याच्या पुस्तकांनी पुढच्या दोन पिढ्यांच्या निसर्गअभ्यासकांना वाट दाखवली. पण त्याच्या काळाची एक मोठी उणीव त्याच्यातही दिसते. कॉफीच्या सट्ट्याचे वर्णन त्याने जिवंतपणे केले आहे आणि प्राण्यांचेही तितक्याच आस्थेने केले आहे. मात्र दोन्ही गोष्टी एकाच डोंगरावर, एकाच उंचीवर घडत होत्या, हे त्या काळच्या विद्येत कुठे एकत्र आले नाही. मळ्यांचे आकडे व्यापाराच्या प्रकरणात राहिले आणि सरडा प्राण्यांच्या प्रकरणात.

तांबूस ठिपके

१८६० नंतर कॉफीने पुन्हा उसळी घेतली. १८६७ मध्ये आगगाडी कँडीला पोहोचली आणि बैलगाड्यांना जिथे आठवडे लागत तिथे माल एका दिवसात कोलंबोला उतरू लागला. १८७० च्या आसपास वर्षाला सुमारे ५० हजार टन कॉफी बेटाबाहेर जात होती. कॉफीखालची जमीन पुढे अडीच लाख एकरांच्याही वर गेली. दुंबर आणि मातलेच्या बाजूने मळे नकल्सच्या अंगावर वर वर चढत होते, आणि ज्या उंचीवर ते चढत होते ती पानवाल्या सरड्याची उंची होती.

१८६९ मध्ये मदुलसीमाच्या एका मळ्यात कॉफीच्या पानांखाली नारिंगी ठिपके दिसले. पेरादेनिया उद्यानाचे संचालक जॉर्ज थ्वेट्स यांनी ती पाने इंग्लंडला बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली यांच्याकडे पाठवली. बर्कली यांनी त्या बुरशीला हेमिलिया व्हॅस्टाट्रिक्स असे नाव दिले. याच वर्षी टेनंटचा लंडनमध्ये मृत्यू झाला. पहिली काही वर्षे मळेवाल्यांनी रोगाकडे दुर्लक्ष केले. भाव चढे होते, उत्पादन घटले तर आणखी जंगल तोडून भरून काढता येत होते. म्हणजे रोगाची पहिली किंमतही जंगलानेच मोजली.

१८८० मध्ये हॅरी मार्शल वॉर्ड हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ दोन वर्षांसाठी रोगाचा अभ्यास करायला पाठवला गेला. काचपट्ट्या लावून त्याने दाखवून दिले की बुरशीचे बीजाणू वाऱ्याने पसरतात. डोंगरामागून डोंगर एकाच झाडाने झाकला असेल तर वाऱ्याला अडवणारे काही उरत नाही, हे त्याने मांडले. मध्ये मध्ये जंगलाचे पट्टे राखले असते तर हे इतके झाले नसते, असा त्याच्या कामाचा रोख होता. उपाय सांगायला मात्र उशीर झाला होता. १८८० चे दशक संपताना निर्यात ऐन बहरातल्या निर्यातीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येऊन ठेपली. मळेवाले कर्जबाजारी झाले, कित्येक बेट सोडून गेले. मळे बंद पडल्यावर मजुरांचे जे हाल झाले त्यांची दाद घ्यायला कुणीच नव्हते.

कॉफीची जागा चहाने घेतली. जेम्स टेलर यांनी लूलकंदुराच्या मळ्यात १८६७ मध्ये १९ एकरांवर चहा लावला होता. १९०० पर्यंत बेटावर साडेतीन लाख एकरांहून अधिक चहा होता. पुष्कळसा चहा जुन्या कॉफीच्याच जमिनीवर आला. नकल्सच्या अंगावर मात्र उतार इतके तीव्र आणि वारा इतका जोराचा की काही मळे टाकूनच दिले गेले. माती वाहून गेलेल्या त्या उतारांवर जंगल परत आले नाही, उंच गवत आले. आजही जंगलातून चालताना एकदम उघडे माळ लागतात, त्यांतले पुष्कळ त्या काळाचे आहेत.

पाच हजार फुटांची रेघ

मधल्या काळात जंगल वाचवण्याचा एक निर्णय झाला होता. डोंगरमाथे उघडे पडल्याने ओढे आटतात, पूर येतात, भाताचे पाट गाळाने भरतात, अशा तक्रारी वाढत होत्या. लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक जोसेफ हूकर यांच्या सल्ल्यावरून १८७३ मध्ये ठरले की ५,००० फुटांच्या वरचे सरकारी जंगल यापुढे विकायचे नाही. नकल्सचे माथेही असे राखीव झाले. पाणी आणि हवामान राखणारे वन म्हणून. १८८२ मध्ये भारतातून आलेले वनाधिकारी व्हिन्सेंट यांनी बेटाच्या जंगलांवर सविस्तर अहवाल दिला आणि १८८५ मध्ये जंगलांसाठी स्वतंत्र वटहुकूम झाला.

आशियातल्या वनरक्षणाच्या इतिहासात या निर्णयाचा गौरव होतो आणि तो योग्य आहे. ती रेघ ओढली नसती तर श्रीलंकेच्या नद्यांचे उगम आज उघडे असते. पण ती रेघ ओढताना नजरेपुढे पाणी होते. शिवाय कॉफी पाच हजार फुटांच्या वर नीट येतच नव्हती, म्हणजे मळेवाल्याला नको असलेला भाग राखीव झाला. आपला सरडा राहतो रेघेच्या खाली. १८७३ च्या निर्णयाने त्याच्या डोक्यावरचे जंगल राखले आणि त्याच्या पायाखालचे विकाऊ ठेवले.

मग तो वाचला कसा? कॉफी वेळेत कोसळली, हे पहिले कारण. जिथे मळा पोहोचलाच नाही अशा घळी, ओढ्यांचे काठ आणि दुर्गम उतार उरले, हे दुसरे. तिसरे कारण वेलची. कॉफी बुडाल्यावर नकल्समध्ये वेलचीची लागवड पसरली. वेलचीला सावली लागते, म्हणून मोठी झाडे उभी राहिली. तळची झाडी मात्र कापली गेली, वेलची वाळवायच्या भट्ट्यांसाठी लाकूड तुटले आणि मोठ्या झाडांची नवी रोपे वर येईनाशी झाली. विसाव्या शतकात, विशेषतः १९६० नंतर, ही लागवड खूप वाढली. १९८० च्या दशकात सरकारने ती थांबवली. छत्र शाबूत राहिलेल्या जुन्या वेलचीच्या रानांत पानवाला सरडा आजही सापडतो. या तिन्ही कारणांत त्याला वाचवायचे म्हणून कुणी काही केले, असे एकही नाही.

अखेर नोंद

टेनंटच्या पुस्तकानंतर शंभराहून अधिक वर्षे या सरड्याविषयी फार थोडे लिहिले गेले. १९९८ मध्ये रोहन पेतियागोडा आणि केलम मानामेंद्र-आरच्ची या श्रीलंकेच्या अभ्यासकांनी सेराटोफोरा कुळाची संपूर्ण फेरतपासणी केली आणि राक्वाना डोंगरातल्या दोन नव्या जाती पुढे आणल्या. २००२ मध्ये जनुकीय अभ्यास झाला. या कुळातल्या सरड्यांच्या नाकावरची शिंगे आणि पाने एकदाच उत्पन्न होऊन वारशाने आलेली नसून ती वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे घडली असावीत, असे त्यातून दिसले. एकाच छोट्या बेटावर, एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावरच्या डोंगरांत, निसर्गाने हे पुन्हा पुन्हा केले. २००६ मध्ये नकल्समधूनच बुटक्या सरड्याची आणखी एक जात नोंदवली गेली आणि तिला दुंबरचे नाव मिळाले. दीडशे वर्षे तोडलेल्या डोंगरात अजून नवे सापडत होते.

२००० मध्ये नकल्स हे संरक्षित वन म्हणून जाहीर झाले. २०१० मध्ये युनेस्कोने श्रीलंकेच्या मध्य डोंगराळ प्रदेशाला जागतिक वारसा यादीत घेतले. शिवनोळीपादाचे रान, होर्टन पठार आणि नकल्स असे त्याचे तीन भाग, मिळून सुमारे ५६,८०० हेक्टर. या वेळी रेघ प्राणी आणि वनस्पती डोळ्यांपुढे ठेवून ओढली गेली. दरम्यान नवे संकट उभे राहिले होते. देखणे आणि दुर्मिळ सरडे पाळणाऱ्या परदेशी शौकिनांसाठी चोरटी निर्यात होऊ लागली. श्रीलंकेच्या कायद्याने ती बंद होती, पण एकदा सीमा ओलांडली की दुसऱ्या देशात तिला कायदा लागू नव्हता. २०१९ मध्ये जिनिव्हात झालेल्या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइट्स कराराच्या परिषदेत श्रीलंकेच्या मागणीवरून या सरड्यांना संरक्षण मिळाले, आणि टेनेन्टाय ही जात पहिल्या परिशिष्टात गेली. वाघ आणि आशियाई हत्ती ज्या परिशिष्टात आहेत, त्यात.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. वन राखायचे म्हणजे काय राखायचे, हे उंचीच्या आकड्यांत आणि झाडीच्या थरांत ठरते. नकाशावर एक मोठा हिरवा आकार काढून ते ठरत नाही. १८७३ ची रेघ सातशे मीटर खाली असती तर या सरड्याच्या मुलखाचा मोठा भाग तेव्हाच राखला गेला असता. वेलचीच्या रानात वरून छत्र अखंड दिसत होते, पण खालचा थर गेला की त्या थरात राहणाऱ्याचे घर गेलेले असते. आपल्या सह्याद्रीतही हेच सत्य आहे. श्रीलंकेचे डोंगर आणि सह्याद्री जगाच्या जैवविविधतेच्या नकाशावर एकाच प्रदेशात धरले जातात, आणि दोन्हीकडचे कितीतरी लहान जीव एकेका डोंगराच्या एकेका पट्ट्याबाहेर कुठेच नाहीत.

हवा तापत चालली आहे. ओल आणि गारवा मागणाऱ्या प्राण्याला त्यापुढे वर सरकावे लागेल. नकल्समध्ये वरचे जंगल राखीव आहे आणि आता खालचेही बऱ्याच अंशी आहे. मात्र दोहोंच्या मध्ये गवताचे माळ, चहाचे पट्टे आणि पाइनची लागवड आहे, आणि सावकाश चालणारा सरडा उघडा माळ ओलांडत नाही. कॉफीने तोडलेले हे धागे जोडायचे तर त्या माळांवर देशी झाडे पुन्हा लावावी लागतील आणि त्यांच्याखाली नेलू वाढू द्यावी लागेल. दोन शतकांत तो सरडा तीनदा योगायोगाने वाचला. चौथ्यांदा त्याला माणसाच्या निर्णयाने वाचवता येईल, कारण तो कुठे राहतो, किती उंचीवर राहतो आणि त्याला काय लागते, हे आता आपल्याला माहीत आहे.